स्वच्छतेचा हव्यास

टापटिपीचा मला भारी अभिमान. गेल्या दिवाळीच्या झाडलोटीत आजीच्या फोनोवरची हिराबाई बडोदेकरांची तबकडी हाती लागली. धुळीचा थर, बोटांचे डाग! घरात इंजेक्शनपूर्वी लावायचे स्पिरिट होतेच. त्याचा बोळा फिरवला. कापूस काळाभोर!

“पाहा, केवढा मळ!” मी ऐटीत म्हणालो.

तो मळ नव्हता. ती तबकडीच होती. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या त्या तबकड्या लाखेच्या, आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. पुढे आलेल्या विनाइलच्या तबकड्यांचे तसे नाही. सुतार पॉलिशसाठी चपडा लाख स्पिरिटमध्येच भिजवतो, हे मी कपाट करून घेताना डोळ्यांनी पाहिले होते. पण शहाणपण वेळेवर आठवेल तर ना!

तबकडी लावली. बोळा फिरला होता तिथे बाईंचा स्वर खरखरीत बुडाला. आजी क्षणभर गप्प बसली. मग म्हणाली, “दुसरी बाजू आहे ना रे? ती लाव.”

ती बाजू आता मी मऊ, कोरड्या ब्रशाने, खाचांच्या वळणानेच हलके झाडतो. डाग तसेच आहेत. असू देत. ती बोटे आजीचीच तर आहेत.