सिस्टर शिकवायला जाते तेव्हा

मुलीसाठी नोकरी बघताना आपल्याकडे एक वाक्य ठरलेलं असतं : "शिक्षिकेची नोकरी बरी हो बाईमाणसाला!" ठरलेली वेळ, दिवाळीची सुटी, मे महिन्याची सुटी, मुलं शाळेतून येतात तेव्हा आई घरात. त्यामुळे एखादी नर्स वॉर्ड सोडून नर्सिंगच्या शाळेत शिकवायला लागली, की नातेवाईक तिचं अभिनंदनच करतात. "सुटलीस गं रात्रपाळीतून! आता आराम कर." मी एकोणीस वर्षं वॉर्डात काढली आणि पुढची चौदा वर्षं पाठ्यनिर्देशिका म्हणून, म्हणजे आमच्या बोलण्यातली 'ट्यूटर' म्हणून. रात्रपाळी सुटली हे खरं. आराम मात्र कुठे भेटला नाही.

हा विषय आज काढायला कारण झाली माझी भाची. इथे बी. एस्सी. नर्सिंग करून ती अमेरिकेत गेली. काही वर्षं तिथल्या रुग्णालयात नर्स म्हणून काम केलं, नोकरी सांभाळून पुढे शिकली आणि 'नर्स प्रॅक्टिशनर' झाली. हा शब्द आपल्याकडे अजून घरोघरी पोचलेला नाही, म्हणून थोडं सांगते. तिथे नर्सिंगची पदवी आणि परवाना हाती आल्यावर दोन-चार वर्षांचं पदव्युत्तर शिक्षण घ्यायचं, मग राष्ट्रीय पातळीवरची परीक्षा द्यायची. त्यानंतर ती नर्स रोग्याला स्वतः तपासते, रक्त-लघवीच्या तपासण्या सांगते, निदान करते, औषध लिहून देते. निम्म्याहून अधिक राज्यांत तिला हे सारं डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय करता येतं. उरलेल्या राज्यांत कमीजास्त बंधनं आहेत. अशा नर्स प्रॅक्टिशनर अमेरिकेत साडेतीन लाखांहून जास्त आहेत. खेडोपाडी तर पुष्कळ कुटुंबांची 'आमचे डॉक्टर' म्हणून ओळख असते ती अशाच एखाद्या बाईशी.

तर भाचीचं सगळं सुरळीत चाललं होतं आणि मध्येच तिला एका विद्यापीठातून बोलावणं आलं. नर्स प्रॅक्टिशनर होऊ पाहणाऱ्या मुलींना शिकवायला असिस्टंट प्रोफेसर म्हणून या. पगार? आत्ता मिळतो त्याहून कमी!

तिच्या एकटीच्या नशिबी आलेली ही गोष्ट नाही बरं का. तिथल्या नर्सिंग महाविद्यालयांच्या संघटनेनं २०२२ साली जे आकडे मांडले, त्यांत मास्टर्स झालेल्या असिस्टंट प्रोफेसरचा सरासरी पगार वर्षाला सुमारे ८७ हजार डॉलर होता आणि रोगी तपासणाऱ्या नर्स प्रॅक्टिशनरचा सुमारे १ लाख २० हजार. म्हणजे जी शिकवते तिला कमी, आणि तिच्या हाताखाली शिकून जी बाहेर पडते तिला जास्त!

माझ्या बहिणीचा लगेच फोन आला. "तूच समजाव तिला. तुझं ऐकते ती. एवढं शिकून पगार उतरवून घ्यायचा? तिकडे घराचे हप्ते, इकडे साताऱ्याला सासऱ्यांचं आजारपण, धाकट्या दिराचं शिक्षण. जावईबापू काही बोलत नाहीत, पण त्यांच्याही मनात असेलच ना!" बहिणीचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही. हप्ते खरे, आजारपण खरं. घर चालवणारीला आकडे बाजूला ठेवून विचार करता येत नाही.

पण मी बहिणीला म्हटलं, तू एका बाईची हकिगत ऐक, मग काय ते बोलू.

लॉरेटा फोर्ड तिचं नाव. जन्म १९२० चा, न्यूयॉर्कचा. तिला व्हायचं होतं शिक्षिका. पण मंदीच्या काळात घरची परिस्थिती ओढगस्तीची झाली आणि कमवायला हवं म्हणून ती नर्सिंगकडे वळली. दुसऱ्या महायुद्धात लष्कराच्या हवाई दलात परिचारिका होती. पुढे कोलोरॅडोच्या ग्रामीण भागात सार्वजनिक आरोग्याचं काम करताना तिनं पाहिलं, की गावोगावी डॉक्टर नाहीत आणि जे काही बघायचं ते नर्सच बघते आहे. मग त्या नर्सला ते काम नीट शिकवलेलं का नसावं? लग्न झालेलं, संसार चाललेला. शिकत शिकत १९६१ साली तिनं शिक्षणशास्त्रातली डॉक्टरेट घेतली. आणि १९६५ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात डॉ. हेन्री सिल्व्हर या बालरोगतज्ज्ञांच्या साथीनं नर्स प्रॅक्टिशनरचा पहिला अभ्यासक्रम सुरू केला, लहान मुलांच्या आरोग्यापासून.

विरोध झाला, तो काही डॉक्टरांकडूनच नव्हे. नर्सिंग शिकवणाऱ्या बायकांनीही नाकं मुरडली. ही बाई नर्सला नर्सपणापासून दूर नेते आहे, असं त्यांचं म्हणणं. फोर्डबाई मागे हटल्या नाहीत. १९७२ मध्ये त्या रॉचेस्टर विद्यापीठाच्या नर्सिंग स्कूलच्या पहिल्या डीन झाल्या आणि तिथल्या रुग्णालयाच्या परिचर्या विभागाची सूत्रंही त्यांनीच घेतली. मला त्यांचं सगळ्यांत मोठं काम कुठलं वाटत असेल, तर ते हे. जी वर्गात शिकवते तिनं रोग्याकडेही गेलं पाहिजे आणि जी रोग्याकडे आहे तिचा शिकवण्यात वाटा पाहिजे, अशी घडी त्यांनी तिथे बसवली. २०२५ च्या जानेवारीत, वयाच्या १०४ व्या वर्षी त्या गेल्या. आज एवढ्या लाखांनी नर्स प्रॅक्टिशनर आहेत, त्या आकाशातून पडल्या नाहीत. कुणीतरी शिकवलं म्हणून झाल्या.

"बरं, पण ती शिकवली नाही म्हणून काय अडणार आहे? दुसरं कुणी शिकवेल," बहीण म्हणाली.

तेच तर अडतं आहे. २०२१ या एका वर्षात अमेरिकेतल्या नर्सिंग महाविद्यालयांनी पदवी आणि पुढच्या अभ्यासक्रमांचे मिळून ९१,९३८ पात्र अर्ज परत पाठवले. अर्ज करणाऱ्या नालायक नव्हत्या. शिकवणाऱ्या पुरेशा नाहीत, प्रत्यक्ष कामासाठी रुग्णालयांत जागा नाहीत, पैसा कमी, अशी कारणं. एक अनुभवी नर्स रोज पंधरा-वीस रोगी बघेल, चांगलंच आहे. पण तिनं दरवर्षी दहा जणींना तयार केलं, तर त्या दहा जणी किती घरांना पुऱ्या पडतील, याचा हिशेब तुम्हीच करा. पगाराच्या चिठ्ठीवर हा हिशेब कुठे छापलेला नसतो.

आता त्या 'आरामाच्या' नोकरीत काय काय करावं लागतं, तेही ऐका. तिथल्या २०२२ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक विद्यार्थिनीला रोग्याची प्रत्यक्ष सेवा देण्याचे किमान ७५० तास भरावे लागतात. त्यासाठी दवाखाने शोधायचे, तिथल्या डॉक्टरांना किंवा जुन्या नर्स प्रॅक्टिशनरना "आमची मुलगी तुमच्या हाताखाली घ्या" म्हणून गळ घालायची, मग स्वतः जाऊन ती काय करते ते बघायचं. व्याख्यानं, प्रश्नपत्रिका, तपासणी वेगळीच. शिवाय स्वतःचा हात चालता ठेवायचा, म्हणून आठवड्यातून एखादा दिवस दवाखान्यात रोगी तपासायचे. लेख लिहायचे, संशोधन करायचं. तेव्हा कुठे असिस्टंटची असोसिएट आणि असोसिएटची प्रोफेसर होते.

आणि एखादीकडे अख्ख्या अभ्यासक्रमाचं प्रमुखपद आलं, की मग तर विचारूच नका! प्रमुख होणारीही स्वतः प्रमाणपत्र मिळवलेली नर्स प्रॅक्टिशनरच लागते. कोण शिकवणार, पैसे कुठून आणायचे, नापास होणाऱ्या मुलीला सावरायचं की थांबवायचं, हे सगळं तिच्या डोक्यावर. यातलं शेवटचं फार कठीण. मुलगी गुणी असते, घरच्यांनी कर्ज काढून शिकवलेली असते. पण उद्या तिच्या हातात कुणाचा तरी जीव असणार. तिथे मन घट्ट करून "अजून तयार नाहीस" म्हणणारी बाई लागते. नेतृत्व नेतृत्व म्हणतात ते मला तरी भाषणापेक्षा इथे जास्त दिसतं.

भाचीनं आधी वर्षभर, आहे ती नोकरी ठेवून, आठवड्यातून एक दिवस विद्यार्थिनींना आपल्या दवाखान्यात शिकवून बघितलं. तेव्हाची गोष्ट तिनं मला फोनवर सांगितली. मधुमेहाचे एक वयस्क गृहस्थ आले होते. विद्यार्थिनीनं रक्तदाब घेतला, छाती तपासली, साखरेचे आकडे बघितले, आणि कागदावर लिहिलं, 'सर्व ठीक.' भाची म्हणाली, "त्यांचे मोजे काढलेस का?" नव्हते काढले. काढले तर अंगठ्याखाली जखम. त्यांना पत्ताच नव्हता, कारण मधुमेहानं पायाची संवेदना गेलेली. "मावशी," ती म्हणाली, "ती जखम मला सापडली असती तर एकाच माणसाचा पाय वाचला असता. पण आता ती मुलगी जन्मभर मोजे काढल्याशिवाय कुणाला घरी पाठवणार नाही." मी तिला वेगळं काय समजावणार होते?

आपल्याकडेही हे वारं आलं आहे. इंडियन नर्सिंग कौन्सिलनं अतिदक्षता विभागासाठी नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आखला. २०१८ मध्ये केंद्र सरकारनं सुईणशास्त्राच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत नर्सना अठरा महिन्यांचं खास शिक्षण देऊन नेहमीची, बिनधोक बाळंतपणं त्यांच्या हाती सोपवायची, अशी कल्पना आहे. आणि त्यासाठी आधी शिक्षिका तयार करायच्या, त्यांनी मग राज्याराज्यांत इतरांना शिकवायचं, असा क्रम ठेवला आहे. क्रम अगदी बरोबर आहे. पीठ आधी मळावं लागतं, तवा मागाहून तापवतात.

पण आपल्याकडची अडचण मी स्वतः भोगली आहे. ज्या संस्थेत मी ट्यूटर झाले तिचं नाव सांगत नाही. तिथे वर्ग आणि वॉर्ड यांच्यामध्ये जणू भिंत होती. वॉर्डातल्या परिसेविका म्हणायच्या, "तुम्ही आता पुस्तकातल्या बाई." आणि मी आठवड्यातून दोन सकाळी वॉर्डात काम करायची परवानगी मागितली, तर उत्तर आलं, "तुमचं काम वर्गात." तिसऱ्या अर्जाला परवानगी मिळाली. तीन वर्षांपूर्वी बघितलेल्या सलाइनवर आजची मुलगी कशी शिकवायची, हे अर्ज वाचणाऱ्याला कळायला तेवढा वेळ लागला!

भाचीचं पुढे काय झालं, हे तुम्ही विचारालच. तिनं ती नोकरी घेतली. सगळ्यांना पटवलं कुणी, तर तिच्या सासूबाईंनी. त्या जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या. मुलाला त्यांनी स्वच्छ सांगितलं, "पगार कमी झालाय, काम कमी झालेलं नाही. शिकवणारीची शाळा घरीसुद्धा सुटत नाही, हे मी तीस वर्षं बघितलंय. तेव्हा ती आता मोकळी आहे असं समजून घरचं काम तिच्यावर ढकलू नकोस." हप्त्यांसाठी त्यांनी नवी गाडी घ्यायचं दोन वर्षं पुढे ढकललं, आणि दिराच्या फीचा अर्धा भार त्या आपल्या पेन्शनमधून उचलतात. सगळ्याच घरांत असं जमेल असं नाही. पण हिशेब घरातल्या सगळ्यांनी मिळून केला, तिच्या एकटीच्या माथी मारला नाही, एवढं घेण्यासारखं आहे.

तुमच्या घरात नर्सिंगमधली मुलगी असेल, सून असेल, नणंद असेल आणि ती शिकवायला जायचं म्हणत असेल, तर पहिला प्रश्न पगाराचा नको. तिला रोग्यांमध्ये राहता येईल का, ते विचारा. पुढे शिकायला वेळ आणि रजा मिळेल का, ते विचारा. पहिली दोन वर्षं संध्याकाळचा स्वयंपाक कोण बघणार, ते घरात आधीच ठरवा. पगाराचं मग बोलू.

आणि घरात नर्स नसेल, तरी तुमच्या हातात एक गोष्ट आहे. कधी दवाखान्यात दाखल व्हायची वेळ आली आणि एखादी शिकाऊ पोर थरथरत्या हातानं तुमचा रक्तदाब घ्यायला आली, तिच्या मागे एक बाई काही न बोलता नुसती बघत उभी दिसली, तर "मला मोठ्या सिस्टरच पाहिजेत" असं म्हणू नका. मोठ्या सिस्टर तिथेच उभ्या आहेत, आणि आपलं कामच करताहेत. मुकाट्यानं हात पुढे करा.