दुरुस्तीकरिता पाठवीत आहे

आमच्या लहानपणी नागपुरात रिव्हॉल्वर दुरुस्तीला पिशवीतून जायचं. पिशवी कापडाची. वर चार संत्री, खाली जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली .32 बोरची वेब्ली आणि तळाशी परवान्याचं पुस्तक. नेणारा घरचा गडी, वाहन त्याची सायकल. खिशात मालकाच्या सहीची चिठ्ठी : रा. रा. मिस्त्री यांसी, पत्र घेऊन येणाऱ्या इसमाबरोबर रिव्हॉल्वर दुरुस्तीकरिता पाठवीत आहे, घोडा अडकतो, पाहून घ्यावे, पैसे मागाहून. महाल भागातल्या वाड्यातून निघालेली ही पिशवी सीताबर्डीच्या गर्दीतून जायची आणि कुणी वळूनही पाहायचं नाही.

आता त्याच वेब्लीचा घोडा अडकला, की आधी घरात बैठक बसते. कुरिअरवाल्याच्या निषिद्ध वस्तूंच्या यादीत बंदूक ठळक अक्षरांत असते. ज्या गावात झिरो माईलचा दगड आहे आणि जिथे देशाच्या चारही टोकांकडून मागवलेला माल येऊन पडतो, तिथून ही एक वस्तू कुठेही धाडता येत नाही. ती स्वतःच न्यावी लागते. कारागीर परराज्यात असेल, तर परवाना जिल्ह्यापुरता आहे, राज्यापुरता की सर्व भारतासाठी, हे आधी पाहायचं. विमानाने जायचं तर काडतुसं काढून, काउंटरवर जाहीर करून, हत्यार सामानात द्यायचं. तेव्हा चार ओळींत काम व्हायचं, आता चार कचेऱ्यांत होतं. आणि खरं सांगायचं तर, हे असंच असायला हवं.

पण तेव्हा पिशवी जिथे पोचायची, तिथे मिस्त्री असायचा. बंदुकांच्या दुकानाच्या मागल्या अंगाला त्याची जागा. वाइस, कानशी आणि शिवणयंत्राच्या तेलाची कुपी. तो चिठ्ठी नंतर वाचायचा, हत्यार आधी हातात घ्यायचा. चक्र उघडून सहाही घरं रिकामी आहेत का ते पाहायचा, मग नळी खिडकीकडे धरून तिच्यातून उजेड बघायचा आणि गड्याकडे न बघताच बोलायचा, ‘‘साहेबांनी पावसाळाभर याला तेल पाजलेलं नाही दिसून राहिलं.’’ गडी घरी येऊन तो निरोप जसाच्या तसा सांगायचा आणि साहेब चक्क ओशाळायचे. कलेक्टरसमोर न ओशाळणारा माणूस मिस्त्रीच्या टोमण्याने ओशाळायचा, ही त्या व्यवहारातली मौज होती. बाकी मौज नव्हती. आठ दिवसांचा वायदा दोन महिन्यांवर जायचा, आणि कानशीने घासून घडवलेली स्प्रिंग कधी वर्षभर चालायची, कधी पहिल्याच चापाला मोडायची.

आता दुकानाच्या काउंटरवरचा तरुण चिठ्ठी मागत नाही, परवाना मागतो. त्यावरचा विशिष्ट ओळख क्रमांक संगणकाशी ताडून पाहतो, पावती देतो, तारीख सांगतो. 1980च्या दशकात खासगी शस्त्रांची आयात बंद झाली आणि जुन्या वेब्लीचे सुटे भाग दुर्मीळ झाले. पुढे कानपूरच्या सरकारी कारखान्याचं .32 रिव्हॉल्वर आलं, आणि 2020 साली तर वेब्ली हेच नाव उत्तर प्रदेशातल्या संडीला इथे देशी उत्पादन म्हणून परतलं. मिस्त्री भाग घडवायचा, हा तरुण भाग बदलतो. मिस्त्रीचं काम चुकायचं, याचं सहसा चुकत नाही. मात्र पावसाळाभर तेल घातलं होतं का, हे त्याने आजवर कुणाला विचारलेलं नाही.

रिव्हॉल्वर कुणाकडे असायचं, तेही सांगायला हवं. नाहीतर सगळं नागपूर पिशव्यांतून शस्त्रं मिरवत होतं असं वाटेल. ते असायचं मालगुजाराकडे, सावकाराकडे, निवृत्त फौजी अधिकाऱ्याकडे. 1951 साली मालगुजारी गेली, जमीन गेली, खोलीतलं हत्यार तेवढं राहिलं. त्याआधीचा 1878चा शस्त्र कायदा तर आणखी उघड होता : हिंदी माणसाला परवान्याची सक्ती, गोऱ्याला सूट. साहेबांना आपल्या गड्यावर विश्वास होता असं आम्ही कौतुकाने सांगतो. होता खरा. हजारोंचं हत्यार त्याच्या हाती द्यायचा विश्वास होता, पण समोरच्या खुर्चीवर त्याला बसवायचा नव्हता. आणि आपल्या खिशातल्या चिठ्ठीत काय लिहिलंय, हे त्यालाच पुष्कळदा वाचता येत नव्हतं.

आता परवाना मागणाऱ्याला वैद्यकीय दाखला लागतो, 2016च्या नियमांप्रमाणे शस्त्र हाताळण्याचं प्रशिक्षण लागतं, हत्यार घरात नीट बंदोबस्तात ठेवण्याची हमी लागते. 2019च्या कायदादुरुस्तीने तीनऐवजी दोनच शस्त्रं बाळगायची मुभा ठेवली आणि परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच केली. आमच्या वडीलधाऱ्यांचं प्रशिक्षण म्हणजे काकांनी शेतावर मडक्यावर झाडलेली एक गोळी; आणि बंदोबस्त म्हणजे उशी, तीही भरलेल्या रिव्हॉल्वरवर ठेवलेली. त्याच उशीशी आम्ही पोरं उड्या मारायचो. आम्ही वाचलो याला शिस्त कारण नाही, नशीब कारण आहे.

तेव्हा निवडणूक जाहीर झाली, की हत्यार जमा करायचं. पोलिस ठाण्यात करता यायचं, तसं परवानाधारक विक्रेत्याकडेही. घरचे अर्थातच दुकान निवडायचे. निवडणूक म्हणजे रिव्हॉल्वरचं माहेरपण होतं. महिनाभर ते मिस्त्रीकडे राहायचं, तेलपाणी व्हायचं, मुठीचा ढिला स्क्रू आवळला जायचा, आणि परत यायचं ते तुकतुकीत होऊन. कोण निवडून आलं याच्याइतकीच, मिस्त्रीने बिल किती लावलं याची चर्चा जेवताना व्हायची.

आता सरसकट सगळ्यांची शस्त्रं घेत नाहीत. छाननी समिती बसते आणि कुणाचं घ्यायचं ते ठरवते. हे अधिक न्यायाचं आहे. ज्यांचं घेतात, त्यांचं मालखान्यात चिठ्ठी बांधून पडतं. तिथे ते सुरक्षित असतं, एवढंच. परत येतं तेव्हा पावती जुळते, नंबर जुळतो, आणि घोडा अडकतो.

चिठ्ठीवर विसंबण्यात काय धोका होता, ते इतिहासाने एकदा दाखवलेलंच आहे. 26 ऑगस्ट 1914 रोजी कलकत्त्यात रॉडा कंपनीचा शस्त्रांचा माल कस्टममधून सोडवायला कंपनीचाच कारकून श्रीशचंद्र मित्र गेला. कागद खरे, सही खरी, माणूस भरवशाचा. फक्त तो क्रांतिकारकांनाही सामील होता. 202 पेट्यांपैकी 192 गोदामात पोचल्या. उरलेल्या दहा पेट्यांमधली 50 माउझर पिस्तुलं आणि 46,000 काडतुसं एका बैलगाडीतून नाहीशी झाली. इंग्रजांच्या बाबतीत घडलं म्हणून आपण हे अभिमानाने सांगतो. आपल्या गल्लीत घडलं असतं, तर चिठ्ठीचं कौतुक त्याच दिवशी संपलं असतं.

म्हणून आम्ही इतकी वर्षं समजत होतो, की ती चिठ्ठी कायद्याने बंद केली आणि बरंच केलं. तसं नाही. 1959च्या शस्त्र अधिनियमाच्या तिसऱ्या कलमात आजही परंतुक आहे : परवानाधारकाच्या लेखी अधिकारपत्रावर, स्वतःचा परवाना नसलेला माणूसही ते हत्यार दुरुस्तीसाठी किंवा परवान्याच्या नूतनीकरणासाठी नेऊ शकतो. म्हणजे आमची रा. रा. मिस्त्री यांसी लिहिलेली चिठ्ठी आजही कायद्याच्या कक्षेतली आहे. परंतुक जागच्या जागी आहे. जागेवरून हललो ते आम्ही.

आता ती लिहायची ठरवली, तरी द्यायची कुणाकडे? ड्रायव्हरकडे देववत नाही. पुतण्याला सांगितलं, तर तो म्हणतो, ‘‘काका, रस्त्यात नाकाबंदीत पकडलं तर तुमची ही चिठ्ठी कोण वाचत बसणार?’’ त्याचं बरोबर आहे. आणि त्या गड्याच्या नातवाला विचारावं, तर तो पदवी घेऊन नोकरीला लागला आहे. आजोबांनी पिशवीतून काय काय वाहिलं, याची आठवण काढून त्याला हळहळ वाटायचं काहीच कारण नाही. हळहळतो आम्ही, ज्यांच्या घरी चिठ्ठी लिहिली जायची. ज्यांनी ती वाहिली, त्यांच्या घरी कुणी हळहळत नाही. तेव्हा जुना काळ चांगला होता असं आम्ही म्हणू लागलो, तर आधी विचारावं, तुम्ही पिशवीच्या कुठल्या बाजूला होता?