जुन्या जीपची खरी नोंद

अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटी हे गाव २०२३ पासून मराठा आरक्षणाच्या आंदोलनामुळे देशभर ठाऊक झाले. त्याआधी ते सोलापूर–धुळे महामार्गाच्या परिसरातील इतर अनेक गावांसारखेच एक शेतकरी गाव होते. या मुलखाचा एक जुना धागा मात्र फारसा कोणी उलगडत नाही. १९४८ पर्यंत हा सारा प्रदेश निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य संस्थानात शिरले आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. त्या पाच दिवसांत जालन्याला शीख आणि जोधपूर पायदळाच्या तुकड्यांबरोबर १८ कॅव्हलरीचे काही रणगाडे आले होते आणि तेथे त्यांना चिवट प्रतिकार झाला. बैलगाडीच्या चाकोऱ्यांची सवय असलेल्या या मातीवर लष्करी वाहनांचा ठसा उमटला तो असा. मराठवाड्यात मुक्तिसंग्राम दिन दरवर्षी साजरा होतो. पण ज्या गाड्यांतून ती पहाट आली, त्या गाड्यांचे पुढे काय झाले, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

लष्करी गाड्यांत सामान्य माणसाच्या घरापर्यंत पोहोचली ती जीप. १९४० साली अमेरिकी लष्कराला हलकी, चारही चाकांना जोर देणारी गाडी हवी होती. बँटम या छोट्या कंपनीने अवघ्या ४९ दिवसांत पहिला नमुना तयार करून दिला. पुढे विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी युद्धकाळात मिळून सहा लाखांहून अधिक जीप बांधल्या. त्यांच्यावर बंदुका बसल्या, तशीच स्ट्रेचरे बांधून जखमींना मागे आणण्याचे कामही त्यांनी केले. युद्ध संपले. १९४७ मध्ये मुंबईत महिंद्राने विलीज जीपची जुळणी सुरू केली आणि पाहता पाहता ही रणभूमीची गाडी डाकबंगल्यासमोर, पोलीस ठाण्यात, कापसाच्या जिनिंगमध्ये आणि आडत दुकानाच्या दारात उभी राहू लागली. मराठीत तर 'जीप' हे साऱ्या जातीचेच नाव झाले. तालुक्याच्या पेठेतील कित्येक व्यापारी घरांत पहिले चारचाकी वाहन जीपच होते. तिच्यातून वसुलीचे दौरे झाले, बियाण्यांची पोती गेली, लेकी सासरी गेल्या आणि चातुर्मासात दर्शनाला निघालेली मंडळीही गेली.

अशा जीपचा शेवट बहुधा दोनपैकी एका ठिकाणी होतो. गोदामामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ती वर्षानुवर्षे उभी राहते, किंवा भंगारवाल्याच्या काट्यावर चढते. जालना हे तर लोखंडी सळयांचे गाव. भंगार वितळवून सळई ओतणाऱ्या भट्ट्या तेथे रात्रंदिवस पेटलेल्या असतात. भंगाराच्या दराने पाहिले तर जुनी जीप म्हणजे काही क्विंटल लोखंड. व्यवहाराचा हा हिशेब चुकीचा नाही. सगळेच जुने जपायचे ठरवले तर घरात माणसांना जागा उरणार नाही. तरीही भट्टीत गेलेली वस्तू परत मागता येत नाही, म्हणून काट्यावर चढवण्याआधी ती काय आहे एवढे तरी पाहून घेणे हे शहाण्या व्यापाऱ्याचे काम ठरते.

हे पाहण्याचे एक शास्त्र आहे. लष्करी जीपचा जीर्णोद्धार करणारे जाणकार आधी पाना हातात घेत नाहीत, ते वाचतात. डॅशबोर्डवरच्या छोट्या पट्ट्या, चासीवरचा क्रमांक, इंजिनावरचा क्रमांक, हे पहिले वाचन. रेडिएटरपुढच्या जाळीत नऊ उभ्या फटी असतील तर ती युद्धकाळातील गाडी असण्याची शक्यता. नागरी जीपला सात फटी असतात. चासीचा पुढचा आडवा दांडा गोल नळीचा असेल तर विलीज, चौकटीसारखा असेल तर फोर्ड. फोर्डने तर आपल्या कित्येक सुट्या भागांवर, बोल्टच्या डोक्यावरसुद्धा, आपल्या नावाचे पहिले अक्षर कोरले होते. रंगाचे थर हलक्या हाताने उतरवले की कधी कधी खालून वर टोक केलेला बाण आणि आकडे दिसू लागतात. भारतीय लष्कराच्या गाडीचा क्रमांक अशा बाणानेच सुरू होतो आणि बाणानंतरचे दोन आकडे ती गाडी लष्करात कोणत्या वर्षी आली ते सांगतात. जुन्या वहीच्या पानावर शाई फिकट झाली तरी नोंद वाचता यावी, तसे हे आहे.

मग कामाला सुरुवात होते. प्रत्येक भाग काढण्यापूर्वी त्याचे छायाचित्र, प्रत्येक बोल्ट वेगळ्या पिशवीत, पिशवीवर चिठ्ठी. गंज सर्वांत आधी लागतो तो पाणी साचते तेथे, म्हणजे बॅटरीच्या तळाशी, सीटखालच्या खणात आणि पायाखालच्या पत्र्यात. त्या पत्र्याला खालून आधार देणाऱ्या पन्हाळीत मूळ विलीजमध्ये लाकडी पट्टी असे. ती कुजली की पत्राही खातो. मूळ वीजयोजना सहा व्होल्टची. सोय म्हणून पुष्कळ जण बारा व्होल्टची करून घेतात. खरी कसोटी इंजिनाशी लागते. पेट्रोल परवडेना तेव्हा असंख्य जीपांत मूळ पेट्रोल इंजिन काढून डिझेल इंजिन बसवण्यात आले. गाडी त्यामुळे कमावती राहिली, पण तिचे मूळ हृदय कोणत्या तरी गॅरेजच्या कोपऱ्यात गेले. ते शोधण्यासाठी मुंबईच्या चोरबाजारापासून पुण्याच्या जुन्या बाजारापर्यंत फिरणारे लोक आहेत. जो भाग मिळत नाही तो लेथवर नवा कातावा लागतो, आणि असे काम जाणणारे वृद्ध मिस्त्री दिवसेंदिवस कमी होत आहेत.

या छंदात पैसा आला, तशी लबाडीही आली. नव्या पत्र्याची काया, कुठल्यातरी गाडीची चासी आणि त्यावर ठोकलेली जुनी पट्टी, एवढ्यावर 'महायुद्धातील अस्सल जीप' उभी करता येते. व्यापारी माणसाला यातले पाप लगेच कळते, कारण ते खोट्या खतावणीचेच पाप आहे. वहीत खाडाखोड करून जमा वाढवणे आणि गाडीवर परकी पट्टी ठोकून किंमत वाढवणे यांत फरक नाही. सच्चा जीर्णोद्धार करणारा काय मूळ आहे आणि काय नवे घातले आहे याची यादी करतो आणि ती विचारणाऱ्याला दाखवतो. पोचा काढायचा की ठेवायचा, हेही तो विचारपूर्वक ठरवतो. काही पोचे अपघाताचे असतात; काही इतिहासाचे असतात.

कायद्यानेही येथे एक नाजूक पेच घालून ठेवला आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार संरक्षण खात्याच्या वाहनांखेरीज दुसऱ्या कोणत्याही वाहनाला ऑलिव्ह ग्रीन, म्हणजे लष्करी हिरवा रंग देता येत नाही. म्हणजे ज्या रंगात जीप लढली, तोच रंग तिला नागरी रस्त्यावर वर्ज्य आहे. शौकिनांना हे जाचक वाटते. पण या नियमात अर्थ आहे. गणवेश ज्याने घालायचा त्यानेच घालावा. दुसरी बाब नोंदणीची. २०२१ च्या नियमांनी पहिल्या नोंदणीला ५० वर्षांहून अधिक काळ झालेल्या आणि मूळ रूपात राखलेल्या खासगी वाहनांसाठी 'व्हीए' अक्षरांची स्वतंत्र नोंदणी आणली. तिचे शुल्क २०,००० रुपये आणि मुदत १० वर्षे. अशी गाडी रोजच्या वापरासाठी नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर आणता येते. चासी, काया किंवा इंजिन यांत मोठा बदल केलेल्या गाडीच्या वाटेत 'मूळ रूपा'ची अट उभी राहते. म्हणून शेडमधील जीपवर पहिला रुपया खर्च करण्यापूर्वी तिची कागदपत्रे शोधणे हेच पहिले काम.

लष्करी वाहने खऱ्या अर्थाने पाहायची असतील तर मराठवाड्यातील माणसाला फार दूर जावे लागत नाही. अहिल्यानगरला, म्हणजे कालच्या अहमदनगरला, आनंदधामी दर्शनाला जाणारी कुटुंबे या भागात पुष्कळ आहेत. त्याच नगरात १९९४ मध्ये सुरू झालेले रणगाडा संग्रहालय आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळातील रोल्स-रॉइस चिलखती गाडी, ब्रिटिश माटिल्डा आणि चर्चिल, जपानी रणगाडे, पाकिस्तानकडून जिंकलेला पॅटन हे सारे तेथे एका आवारात शांत उभे आहेत. येथील आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलमध्ये 'फामागुस्ता' नावाचा सेंच्युरियन रणगाडा जतन केलेला आहे. १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या लढाईत पूना हॉर्सचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेतरपाल याच रणगाड्यात धारातीर्थी पडले. तेव्हा ते २१ वर्षांचे होते. त्यांच्याच रेजिमेंटचे लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर १९६५ च्या युद्धात हुतात्मा झाले. तारापोरांची लष्करी सेवा सुरू झाली ती हैदराबाद संस्थानाच्या फौजेत. दोघांनाही मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. ज्या संस्थानात अंतरवाली सराटी होते त्याच संस्थानाचा सैनिक पुढे स्वतंत्र भारतासाठी प्राण देतो, ही गोष्ट नगरला जाणाऱ्या मुलांना सांगण्यासारखी आहे.

जगात अशा वाहनांचे मेळे भरतात. इंग्लंडमध्ये बोव्हिंग्टन येथील संग्रहालयाच्या टँकफेस्टमध्ये १९४३ साली ट्युनिशियात हस्तगत केलेला जर्मन टायगर रणगाडा आजही स्वतःच्या बळावर चालवून दाखवतात. मुंबईत विंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडियाच्या मेळाव्यांना जुन्या गाड्या आणि त्यांच्या मागे धावणारी मुले दोन्ही गर्दी करतात. मेळ्यातील खरा आनंद चषकाचा नसतो. बॉनेट उघडलेले असते, तेल लागलेल्या हाताने कोणी अनोळखी माणसाला कार्ब्युरेटर समजावून सांगत असतो, आणि एखादे आजोबा गिअरच्या दांड्यावर हात ठेवून क्षणभर गप्प राहतात.

अहिंसा मानणाऱ्या घरात मात्र एक प्रश्न उठतोच आणि तो टाळू नये. श्रावकाच्या सातव्या व्रतात जी पंधरा कर्मादाने सांगितली आहेत, त्यांत भट्टीचा धंदाही आहे आणि गाड्यांचाही. आठव्या व्रतात हिंसेची साधने दुसऱ्याला देणे अनर्थदंड म्हटले आहे. मग युद्धाची गाडी कौतुकाने का सजवायची? उत्तर सजवण्याच्या पद्धतीत आहे. काही शौकीन मेळ्यात जीपवर खोटी मशीनगन बसवतात. मुले तिच्यामागे उभी राहून नेम धरतात, छायाचित्रे निघतात. हे साधनाचे कौतुक झाले. त्याऐवजी बंदुकीचा खांब रिकामा ठेवता येतो. हवालदार अब्दुल हमीद १० सप्टेंबर १९६५ रोजी खेमकरण भागात तोफ बसवलेल्या जीपमधूनच पॅटन रणगाड्यांना सामोरे गेले आणि परतले नाहीत, हे त्या रिकाम्या खांबाशेजारी उभे राहून सांगितले तर मूल नेम धरत नाही, प्रश्न विचारते. परिग्रहाची मर्यादाही येथे पाळता येते. वीस गाड्यांचे प्रदर्शन मांडण्यापेक्षा आजोबांची एक गाडी खरेपणाने उभी करणे पुरेसे.

आणि प्रत्येक घराला तेही शक्य नसते. वेळ, पैसा, मिस्त्री यांतले काहीच जुळले नाही तर जीप विकण्यात अपराध नाही. मात्र ती काट्यावर चढण्याआधी एका दुपारी घरच्या मुलांना शेडमध्ये न्यावे. चासीचा क्रमांक खडूने घासून वाचावा, जुने आरसी बुक आणि लिलावाची पावती असल्यास एकत्र ठेवावी, चारही बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत. गाडी कोणी, केव्हा, किती रुपयांना घेतली आणि तिच्यातून कोण कोण कोठे गेले, हे घरातील सर्वांत वडीलधाऱ्या माणसाकडून ऐकून त्याच्याच शब्दांत एका वहीत तारीख घालून उतरवून ठेवावे.