चाकाचा माग

रूप बदलले की आशयही बदलतो, हे वाक्य आम्ही गेली वीस वर्षे वर्गात सांगत आलो आहोत. ओवीचा अभंग होताना काय घडते, वृत्त सोडून मुक्तछंदाकडे वळणारा कवी काय गमावतो आणि काय मिळवतो, याची उदाहरणे देतो. विद्यार्थी ती उत्तरपत्रिकेत उतरवतात आणि निकालानंतर विसरून जातात. मोटारसायकलीच्या पुढच्या फोर्कबाबत मात्र असे विसरून चालत नाही, हे आम्हां दोघा मराठीच्या अध्यापकांना गेल्या वर्षी एका विद्यार्थ्यामुळे नीट समजून घ्यावे लागले.

विद्यार्थी एम. ए.च्या दुसऱ्या वर्षाचा. वडील यंत्रमागावर कामाला होते. त्यांच्या पश्चात घरात उरलेली मोलाची वस्तू म्हणजे त्यांची जुनी बुलेट. तिची त्याला 'चॉपर' करायची होती : पुढचे चाक दूरवर गेलेले, फोर्क कललेला, हँडल उंच. गॅरेजवाल्या मित्राने तयारीही दाखवली होती. आईचा ठाम नकार होता. "सर, मॅडम, तुमचं ती ऐकेल," असे म्हणून त्याने हे प्रकरण आमच्याकडे सोपवले. कोणाची बाजू घ्यायची हे ठरवण्यापूर्वी विषय समजून घेणे भाग होते.

या रूपाचे आकर्षण आम्हांलाही कळते. १९६९च्या 'ईझी रायडर' या चित्रपटाने चॉपर जगभर नेली. त्यातील गाड्या घडवणारे क्लिफ व्हॉज आणि बेन हार्डी हे कृष्णवर्णीय कारागीर मात्र दीर्घकाळ अनुल्लेखितच राहिले. आपल्याकडे मुंबईच्या अक्षय वर्दे यांनी बुलेटसारख्या गाड्यांवर अशी कामे करून नाव मिळवले. त्यांच्या कार्यशाळेचे नाव 'वर्देंची'. षष्ठीचा प्रत्यय असा मिरवणारा उद्योग मराठीच्या अध्यापकांना आवडला नाही तरच नवल!

असो. मुद्दा कोनाचा आहे. हँडल ज्या अक्षाभोवती फिरते तो अक्ष उभा नसतो, मागे कललेला असतो. या कलाला 'रेक' म्हणतात. ही अक्षरेषा मनाने खाली जमिनीपर्यंत वाढवली, तर ती टायर जमिनीला टेकतो त्या जागेच्या थोडी पुढे पोहोचते. या दोन बिंदूंमधले अंतर म्हणजे 'ट्रेल'. आम्ही त्याला 'माग' म्हणू. सोलापुरात हा शब्द कापड विणतो, पण इथे त्याचा अर्थ पाऊलखुणेजवळचा आहे. दवाखान्यातल्या स्ट्रेचरची चाके ढकलताच वळून आपल्या दांड्याच्या मागे येतात, तसेच पुढचे चाकही आपल्या अक्षाचा माग काढत धावते. कल डोळ्यांना दिसतो. माग दिसत नाही.

सोलापूरकरांना हे नंदीध्वजावरून समजावे. सिद्धेश्वराच्या यात्रेत बाराबंदी घातलेला मानकरी ती उंच काठी पेलतो, तेव्हा ती जिकडे झुकेल तिकडे तो आपले पाऊल सरकवतो. आधार पडणाऱ्या भाराखाली नेतो. मोटारसायकल उजवीकडे झुकली की हँडलही किंचित उजवीकडे वळते आणि चाके भाराखाली येतात. या आपोआप वळण्याला माग मदत करतो. तो एकटाच कारण नव्हे, हे खरे. माग नसतानाही सायकल स्वतःला सावरू शकते, असे २०११मध्ये संशोधकांनी खास बनवलेल्या सायकलीवर दाखवले. पण तिच्या वजनाची मांडणी त्यासाठीच केलेली होती. बुलेटची तशी नसते.

आम्ही वहीवर हिशेब मांडला. चाकाची त्रिज्या ३०० मिलिमीटर आणि चाकाचा आस अक्षरेषेच्या ४० मिलिमीटर पुढे धरला, तर २५ अंशांच्या कलाला माग सुमारे ९६ मिलिमीटर येतो. बाकी काही न बदलता कल ४० अंश केला की तोच माग सुमारे २०० होतो. अशी गाडी सरळ रस्त्यावर जडपणे, निश्चिंत धावते. पण सात रस्त्याच्या गर्दीत, हळू वेगात, हँडल एका बाजूला कोसळू पाहते. माग पूर्ववत करायचा तर आस ४०ऐवजी जवळजवळ १२० मिलिमीटर पुढे न्यावा लागतो, म्हणजे फोर्क धरणारी 'टी' नव्याने घडवावी लागते. त्यात अतिरेक झाला आणि माग शून्याखाली गेला, तर चाक उलटे फिरू पाहते. शिवाय कल बदलण्यासाठी चासीची मान कापून पुन्हा जोडायची, आणि पुढचा ब्रेक दाबल्यावर सारा ताण येतो तो त्याच जोडावर.

कायदाही आहेच. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ५२चा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये, निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा फेरफार वाहनात करता येणार नाही, असे स्पष्ट केले. पण विद्यार्थ्याला कायद्याचे भय घालणे आम्हांला प्रशस्त वाटले नाही. वही त्याच्यासमोर ठेवली आणि एवढेच विचारले, "तुझा मित्र कल किती ठेवणार, ते तू सांगितलंस. माग किती ठेवणार?" तो त्याने मित्राला विचारला नव्हता. मागच्या सीटवर रोज धाकटी बहीण बसते, हे त्यानेच मग सांगितले.

पुढे त्याने मान कापली नाही. गाडी उघडल्यावर हँडलखालचा कोनसेट झिजलेला निघाला. सरळ धरल्यावर हँडल मध्यावर अडकत होते. तो बदलला, फोर्कचे तेल बदलले, हँडल तेवढे थोडे उंच घेतले. आईंना आम्ही काहीच समजावले नाही. तशी वेळच आली नाही. आमच्या तासाला मात्र आता एक प्रश्न वाढला आहे. कोणी कवितेचे रूप मोडल्याचे कौतुक करू लागला, की आम्ही विचारतो : कल दिसला, माग किती ठेवला आहे?