डाव्या हाताची तर्जनी

जूनमध्ये गणवेशांची गर्दी ऐन भरात असताना माझ्याकडे शिकणाऱ्या मुलीच्या बोटात सुई गेली. कॉलरच्या टोकावर, डाव्या हाताच्या तर्जनीत, नखाच्या बरोबर मधून. पायमशीन होतं म्हणून एकाच टाक्यावर निभावलं. पोरगी धीराची, तिनं हात ओढला नाही. ओढला असता तर सुई आत तुटली असती. मी आधी वरचा दोरा कापला, मग चाक हातानं सावकाश फिरवून सुई वर घेतली. दवाखान्यात एक्स-रे झाला, धनुर्वाताचं इंजेक्शन झालं, हाड वाचलं होतं. परत भिंगारला घरी सोडताना ती रिक्षात म्हणाली, “मास्तर, तुम्ही धरता तसंच धरलं होतं हो.”

तेव्हापासून मी माझ्याच बोटाकडे बघतोय.

कॉलरचं टोक ज्यांनी शिवलंय त्यांना वेगळं सांगायला नको. बकरमची कड संपते तिथं कापडाची जाडी एकदम बदलते, फूट त्या पायरीवरून घसरतं आणि टाका एक दोरा बाहेर पडतो. कुठं पडणार, हे डोळ्याला दिसायच्या आधी बोटाला कळतं. बोट फुटापासून अर्धा इंच लांब ठेवावं, असं सगळे शिकवतात, पण अर्ध्या इंचावरून ती पायरी लागत नाही. माझं बोट जवाच्या दाण्याएवढ्या अंतरावर असतं. चाळीस वर्षं तिथंच आहे. नगरच्या कापड बाजारात कापड घेऊन माणसं आमच्या बोळात वळायची ती या टोकांसाठी, असं मी मनाशी धरून चाललो. दोन्ही टोकं एकमेकांवर ठेवून गिऱ्हाईकाला दाखवायचो. सुईकडे न बघता, गिऱ्हाईकाशी बोलत टोक वळवायचो. समोरचा बघत राहिला की मला बरं वाटायचं.

आठ वर्षांपूर्वी दिवाळीच्या आधी तशाच एका टोकावर माझ्या बोटात सुई शिरली. मी हात ओढला. सोळा नंबरची सुई, म्हणजे पुरती एक मिलिमीटर जाडीची. तिचा शेंडा आत राहिला. दुकानात चार माणसं उभी होती. मी बोटाला अस्तराची चिंधी गुंडाळली आणि दार लागलं म्हणालो. रात्री सुईचे तुकडे पाटावर जुळवले, तेव्हा शेंडा नाही हे कळलं, आणि तो काढून घ्यायला गेलो तो दोन दिवसांनी, बोट ठणकून सुजल्यावर. नखाच्या मधोमध उभी रेघ राहिली. या मुलीनं पहिल्याच आठवड्यात तिच्याबद्दल विचारलं होतं. तिलाही मी दारच सांगितलं.

हातसुईचं नेढं मागं असतं. ती टोचली तर टोचते, दोरा बाहेरच राहतो. मशीनच्या सुईचं नेढं टोकाशी. एलियास होवे या अमेरिकन माणसानं 1846 साली पेटंट घेतलं ते अशाच सुईच्या मशीनचं. आपला सगळा धंदा त्या नेढ्यावर उभा आहे. पण त्यामुळंच ही सुई बोटात शिरते ती दोरा घेऊन. तो दोरा बोटातून ओढून काढतानाची भावना मी कुणाला सांगितली नव्हती. तिला सांगायला हवी होती.

ती शिकायला आली तेव्हा फुटाला लावायचं तारेचं कडं घेऊन आली होती, बोट आत जाऊ नये म्हणून. मीच ते काढून खणात टाकलं. म्हणालो, यानं कापड कळत नाही.

शेजारच्या दुकानांत आता मोटारीची मशीनं आहेत. मिनिटाला चार-पाच हजार टाके, म्हणजे सेकंदाला पासष्ट ते ऐंशी. बोट चुकलंय हे कळून पाय उचलेपर्यंत सेकंदाचा पाचवा हिस्सा जातो, तेवढ्यात तेरा ते सोळा टाके पडून जातात. तिथली पोरं कानात गाणी लावून शिवतात. माझं मत स्पष्ट आहे: मशीनचा आवाज ज्याला ऐकू येत नाही त्यानं सुईजवळ बसू नये. सुई बोथट झाली, दोरा ताणला, की आवाज आधी बदलतो. अर्थात त्यांना कॉलर कुठं करायची असते? रेडिमेड पँट आखूड करायची, कंबर घ्यायची, झालं. कपड्यांच्या मोठ्या कारखान्यांत तुटलेल्या सुईचे सगळे तुकडे जुळवून नोंदवल्याशिवाय नवी सुई मिळत नाही. कापडात तुकडा राहून घालणाऱ्याला टोचू नये म्हणून. त्या रीतीचं मला कौतुक आहे. शिवणाऱ्याच्या बोटाची काळजीही तितक्याच काटेकोरपणे घेतलेली मला बघायची आहे.

ती पंधरा दिवसांनी परत आली. मी खणातलं कडं काढून तिच्या मशीनला लावलं आणि माझं नख पुढं करून खरं काय ते सांगितलं. ती काही बोलली नाही. थोड्या वेळानं म्हणाली, “मग कॉलर कशी काढायची?”

ते मला अजून येत नाही. कडं लावलं की टोक दिसत नाही. सध्या आम्ही दोघं बोटाऐवजी आरीच्या टोकानं कापड दाबून बघतोय. आरी कापड धरते, पण पायरी सांगत नाही. जाड बकरमवर जमतं, पातळ सुतीवर टाका हलतो. तिचा माझ्यापेक्षा कमी हलतो, कारण तिच्या बोटाला जुनी सवय नाही. माझी तर्जनी अजून आपोआप पुढं सरकते. मी ती मुठीत दुमडून ठेवतो.

काल एका शर्टाचं डावं टोक एक दोरा वाकडं आलं. दोन्ही टोकं एकावर एक ठेवून पाहिली. मग काही न उसवता शर्ट इस्त्रीला दिला.