जुने यंत्र, जुनी अक्षरे

आमच्या वार्षिकाची जुळणी घडियाळी पोळमधील एका लहानशा छापखान्यात होते. तेथील संगणक पाहून विद्यार्थी हसतात. कारण तो अद्याप २००१ सालच्या विंडोज एक्सपीवर चालतो. या प्रणालीची देखभाल तिच्या निर्मात्यांनी ८ एप्रिल २०१४ रोजीच थांबविली. आम्हीही एकदा म्हणालो, “काका, आता नवे यंत्र घ्या की!” काका शांतपणे उत्तरले, “मास्तर, ह्यात वीस वर्षांची कामे आहेत. ती नव्यात उघडतील अशी हमी तुम्ही देता?”

म्हातारपणाचा हट्ट, दुसरे काय! असे आम्ही मनाशी म्हटले.

परंतु गेल्या दिवाळीत आमचेच हसे झाले. आमची मातृभाषा कोकणी. आईच्या तोंडच्या ओव्या आम्ही कॉलेजात असताना तिच्यापाशी बसून टंकून ठेविल्या होत्या. आई आता नाही. नव्या संगणकावर मोठ्या हौसेने ती फाइल उघडली आणि पाहतो तो ओव्यांच्या जागी रोमन अक्षरांची नि चिन्हांची खिचडी! त्या काळचे पुष्कळसे फाँट रोमन अक्षरांच्या घरात देवनागरी वळणे बसवीत. फाँट नाहीसा झाला की घराचा मूळ मालक तेवढा पुढे येतो. युनिकोडमध्ये देवनागरीच्या वर्णांना स्वतःची घरे आहेत. आमच्या फाइलीला त्यांचा पत्ता नव्हता.

आम्ही निमूटपणे काकांकडे गेलो. तोच फाँट त्यांच्यापाशी होता. त्या उपहासित यंत्रावर आईची पहिली ओवी उमटली, तेव्हा आम्हांला चष्मा पुसावा लागला.

लोक जुन्याला केवळ आळसाने चिकटत नाहीत, हे त्या दिवशी उमगले. प्रणालीशी फाँट, छपाईयंत्र, बोटांची सवय आणि कित्येक वर्षांचे श्रम बांधलेले असतात. बडोद्याच्या जुन्या दप्तरांतील मोडी कागद वाचणारे आज किती थोडे उरले आहेत!

तथापि काकांचेही सर्वस्वी खरे नव्हे. देखभाल थांबलेल्या यंत्राच्या तटाला पडलेली भगदाडे कोणी बुजवीत नाही. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ने जगभर उच्छाद मांडला, तो वेळेवर दुरुस्त न केलेल्या यंत्रांतच. म्हणून काकांनी आता त्या यंत्राची इंटरनेटची तार काढून ठेविली आहे. आणि आम्ही संध्याकाळी त्याच्यापुढे बसून एकेक ओवी युनिकोडमध्ये उतरवीत आहो.

विद्यार्थिमित्रहो, नव्या घरी अवश्य जा. मात्र जुन्या घराला कुलूप लावण्यापूर्वी आत कोणी राहिले तर नाही ना, एवढे पाहून घ्या.