यंदा जमणार!

सांगलीने क्रिकेटला विजय हजारे आणि स्मृती मानधना दिले, साताऱ्याने तिरंदाजीत 2023 ची जगज्जेती अदिती स्वामी दिली. फुटबॉलचं वेड मात्र कोल्हापूरचंच, आणि मी सांगलीत राहून ते पोसतो. कोल्हापुरातल्या आमच्या तालमीचं, म्हणजे फुटबॉल संघाचं, नाव लिहीत नाही. बायकोचं माहेर समोरच्या पेठेतलं, घरात शांतता हवी.

गेले काही हंगाम आमचा सगळा उसनवारीचा कारभार. बाहेरचे, कधी थेट नायजेरियाचे खेळाडू आणायचे. त्यांची आपल्या पोरांशी ओळख होईपर्यंत स्पर्धा संपायची. यंदा कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या (केएसए) नोंदणीत पेठेतलीच पोरं जास्त. म्हणून मुद्दाम सराव बघायला गेलो. एक डावखुरा पोरगा, मिसरूडही धड फुटलेलं नाही, पण चेंडू पायात येण्याआधी मान वळवून मागचा बचावपटू हेरतो. बस्स, एवढंच. ही सवय अंगी आपोआप येत नाही. म्हणजे कुणीतरी नीट शिकवतंय!

बाहेरचे नकोतच, असं नाही. चांगला गोलरक्षक मिळत असेल तर खुशाल आणा. पण ज्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव 2017 मध्ये सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला, त्या गावाने आघाडीवीर परगावी का शोधावा?

साताऱ्याचा मित्र म्हणतो, ‘‘दरवर्षी हेच बोलतोस लेका.’’ बोलतो खरा. तरी शाहू स्टेडियमवर पहिल्या सामन्याला यायला गडी तयार झालाय. तिकीट माझं, मिसळ त्याची.